लॉकडाऊन गेला, संप मिटला. मग यवतमाळच्या गावातली एसटीची फेरी परत का आली नाही?

मार्च २०२० मध्ये राज्यातली एसटी थांबली. त्यानंतर दोन वर्षं ती कधी अर्धी धावली, कधी फक्त अत्यावश्यक सेवेसाठी धावली, तर कधी अजिबातच धावली नाही. आज तालुक्याच्या बसस्थानकावर उभं राहिलं की सगळं पूर्ववत झाल्यासारखं वाटतं. गाड्यांना गर्दी आहे, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणंही सुरू आहे.

पण मुख्य रस्ता सोडून आत गेलं की चित्र बदलतं. पूर्वी दिवसातून तीन फेऱ्या असलेल्या गावात एकच येते. मुक्कामी गाडी बंद झालेली असते. सकाळची गाडी आहे, पण कॉलेज सुटल्यावर परतायला गाडी नाही, अशीही गावं असतात. विद्यार्थ्यांची आणि ग्रामपंचायतींची निवेदनं आगारात येतच राहतात.

महामारीने एसटीचं नेमकं काय केलं? बंद झालेली फेरी परत सुरू होणं एवढं अवघड का असतं? आणि ती सुरू करण्यासाठी काय करता येईल? यवतमाळ जिल्ह्याच्या उदाहरणातून समजून घेऊया.

यवतमाळमध्ये एसटीवाचून का अडतं?

यवतमाळ जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण १३ हजार ५८२ चौरस किलोमीटर. तालुके १६. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांच्या घरात आणि त्यातले चारपैकी तीनहून अधिक लोक खेड्यात राहणारे. पूर्वेकडचं वणी आणि दक्षिणेकडचं उमरखेड ही दोन्ही टोकं जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभरेक किलोमीटरवर आहेत. झरी जामणी, मारेगाव, केळापूर या भागात कोलाम पोड आणि गोंड वस्त्या आहेत. पुसद, दिग्रस, दारव्हा भागात बंजारा तांडे आहेत. वस्ती विखुरलेली आणि मधे जंगल, डोंगर, नाले.

त्यात रेल्वेचा आधार फार कमी. वणीला रेल्वे आहे, पण ती जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी नॅरोगेज ‘शकुंतला’ काही वर्षांपासून बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा ब्रॉडगेज मार्ग मंजूर होऊन दीड दशक उलटलं. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला.

म्हणजे यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीला जायचं असो, पुसदला कॉलेजला जायचं असो किंवा पांढरकवड्याला तहसील कार्यालयात दाखला काढायचा असो, ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही त्याच्यासमोर दोनच पर्याय राहतात. एक एसटी, दुसरी काळी-पिवळी किंवा ऑटो.

एसटीचा यवतमाळ विभाग अमरावती प्रदेशात येतो. यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, नेर, वणी, पांढरकवडा आणि राळेगाव अशी नऊ आगारं या विभागात आहेत. सोळा तालुक्यांना नऊ आगारं, हे गणित लक्षात ठेवा. आर्णी, महागाव, घाटंजी, कळंब, बाभुळगाव, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांच्या खेड्यांत जाणारी गाडी शेजारच्या तालुक्याच्या आगारातून निघते. गाड्या कमी पडल्या की अशा लांबच्या फेऱ्यांवर पहिली कुऱ्हाड पडते.

महामारीत काय काय घडलं?

क्रमाने पाहिलं तर खेड्यातला प्रवासी एसटीपासून कसा तुटत गेला ते स्पष्ट दिसतं.

• मार्च २०२०: जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि प्रवासी वाहतूक थांबली.

• मे २०२०: अडकलेल्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत आणि रेल्वे स्थानकांपर्यंत सोडण्याचं काम एसटीने मोफत केलं. त्याआधी राजस्थानातल्या कोटा इथे अडकलेल्या विद्यार्थ्यांना आणायला धुळ्याहून एसटीच्या गाड्या गेल्या होत्या. १९ मे रोजी सोलापूरहून मजुरांना घेऊन नागपूर रेल्वे स्थानकाकडे निघालेली बस आर्णी तालुक्यात ट्रकला धडकली. या अपघातात चालकासह चौघांचा मृत्यू झाला.

• २२ मे २०२०: रेड झोन वगळता जिल्ह्याअंतर्गत वाहतूक निम्म्या आसनक्षमतेने सुरू झाली.

• २० ऑगस्ट २०२०: आंतरजिल्हा वाहतूक सुरू झाली. एसटीने जाणाऱ्यांना ई-पासची गरज नव्हती. १८ सप्टेंबरपासून सगळ्या आसनांवर प्रवासी बसवायला परवानगी मिळाली.

• फेब्रुवारी २०२१: दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात सगळ्यात आधी अमरावती विभागात लागली. अमरावती, अकोल्याबरोबर यवतमाळमध्येही नव्याने निर्बंध आले.

• एप्रिल २०२१: ‘ब्रेक द चेन’च्या नियमांमुळे सामान्य प्रवाशांसाठी एसटी जवळपास बंद झाली. जूनमध्ये टप्प्याटप्प्याने ती पुन्हा सुरू झाली.

या काळात उत्पन्नासाठी एसटीने मालवाहतूकही सुरू केली. जुन्या बसगाड्यांचे ट्रक करून ‘महाकार्गो’ सेवा उभी राहिली. पण त्यातून मिळणारा पैसा प्रवासी उत्पन्नाची जागा घेण्याएवढा नव्हता. पगार थकले. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला १ हजार कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली.

शाळा उघडल्या आणि गाड्या थांबल्या

४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा पुन्हा उघडल्या. मुलं वर्गात परतली. त्याच महिन्याच्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांचं आंदोलन सुरू झालं आणि नोव्हेंबरमध्ये राज्यभरातली आगारं ठप्प झाली.

एसटीचं राज्य सरकारमध्ये विलीनीकरण करा, ही मुख्य मागणी होती. तिच्यामागे तुटपुंज्या आणि वेळेवर न मिळणाऱ्या पगाराचं दुखणं होतं. २४ नोव्हेंबरला सरकारने सेवेच्या वर्षांनुसार मूळ वेतनात अडीच हजार, चार हजार आणि पाच हजार रुपयांची वाढ जाहीर केली. काही कर्मचारी परतले, बरेच परतले नाहीत. सरकारने नेमलेल्या समितीने विलीनीकरणाच्या विरोधात मत दिलं. अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर होण्याची मुदत दिली आणि संप संपला.

कर्मचाऱ्यांची बाजू रास्त होती की नाही, हा वेगळा चर्चेचा विषय आहे. पण खेड्यातल्या विद्यार्थ्यांच्या बाजूने हिशेब मांडला तर लॉकडाऊन आणि संप मिळून त्यांची दोन शैक्षणिक वर्षं एसटीच्या भरवशाशिवाय गेली. २०२२ च्या दहावी-बारावीच्या परीक्षा याच संपकाळात झाल्या. त्या वर्षी बोर्डाने विद्यार्थ्यांना त्यांच्याच शाळेत परीक्षा देण्याची सोय केली होती. निर्णय कोरोनामुळे होता, पण बस नसलेल्या गावांसाठी तोच मोठा दिलासा ठरला.

या दोन वर्षांत लोकांनी आपापली सोय लावून घेतली. कुणी कर्ज काढून दुचाकी घेतली. काळी-पिवळी आणि ऑटोवाल्यांचं बस्तान पक्कं झालं. ज्यांना हे जमलं नाही त्यांनी प्रवासच कमी केला. एसटी परत आली तेव्हा तिचा पैसे देणारा प्रवासी कमी झाला होता. राहिले ते मुख्यतः विद्यार्थी, म्हातारी माणसं आणि बायका.

फेरी बंद होते म्हणजे नेमकं काय होतं?

एखाद्या गावची गाडी अचानक, कुणाच्या तरी मर्जीने बंद होते असा समज असतो. प्रत्यक्षात त्यामागे एक हिशेब असतो. त्यात दोन शब्द महत्त्वाचे आहेत.

पहिला ‘भारमान’. गाडीच्या एकूण आसनांपैकी किती भरली, त्याची टक्केवारी. दुसरा ‘प्रति किलोमीटर उत्पन्न’. गाडीने एक किलोमीटर धावून किती रुपये आणले, त्याचा आकडा. हे दोन्ही सातत्याने खाली राहिले की ती फेरी तोट्याची ठरते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ४२ किलोमीटरचा ग्रामीण मार्ग आहे. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणजे सात टप्पे झाले. ऑक्टोबर २०२१ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचं भाडं टप्प्याला ८ रुपये ७० पैसे होतं. म्हणजे तिकीट साधारण ६० रुपये. ४४ आसनांच्या गाडीत निम्मे म्हणजे २२ प्रवासी पूर्ण तिकिटाचे असतील तर १,३२० रुपये मिळतात. गाडी लिटरला पाच किलोमीटर धावते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे असं धरलं, तर डिझेलचाच खर्च सुमारे ७५० रुपये.

आता त्या २२ पैकी ११ विद्यार्थी पासधारक आहेत असं समजा. विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे त्यांच्याकडून ६० ऐवजी २० रुपये येतात. एकूण रक्कम उरते ८८०. डिझेल वजा केलं की हातात फक्त १३० रुपये. त्यात चालक-वाहकाचा पगार, टायर, दुरुस्ती आणि प्रवासी कर भागवायचा. सवलतीतला फरक राज्य सरकार नंतर देतं, पण आगाराच्या रोजच्या हिशेबात तो पैसा दिसत नाही.

गाडी निम्मी भरलेली असूनही कागदावर तोट्यात जाते, ती अशी. त्याच दिवशी लांब पल्ल्याच्या गाडीसाठी आगारात बस कमी पडत असेल, तर कोणती फेरी रद्द होईल हे सांगायला नको.

मग कायदा काय सांगतो?

इथे एक जुना पेच आहे. एसटी महामंडळ १९५० च्या रस्ता वाहतूक महामंडळ कायद्याखाली चालतं. या कायद्यानुसार लोकांना पुरेशी, कार्यक्षम, परवडणारी आणि सुसूत्र वाहतूक सेवा देणं हे महामंडळाचं कर्तव्य आहे. त्याच कायद्यात असंही म्हटलंय की महामंडळाने व्यावसायिक तत्त्वावर काम करावं.

झरी जामणीच्या पोडावर गाडी पाठवणं हे पहिल्या कलमात बसतं, दुसऱ्यात बसत नाही. तोट्याची ग्रामीण सेवा नफ्याच्या मार्गांनी पोसायची, ही एसटीची जुनी पद्धत होती. पण नफ्याच्या मार्गांवर खासगी ट्रॅव्हल्स आल्या आणि ती पद्धत कमकुवत झाली. महामारीने तर दोन्ही बाजूंचं उत्पन्न एकाच वेळी बंद केलं. जून २०२५ मध्ये सरकारने काढलेल्या श्वेतपत्रिकेनुसार एसटीचा संचित तोटा १० हजार ३०० कोटी रुपयांच्या पुढे गेला आहे.

सवलतींमुळे फायदा झाला का?

गर्दी परत आणण्याच्या बाबतीत झाला. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत सुरू झाली. एसटीपासून दुरावलेला प्रवासी या दोन योजनांमुळे मोठ्या संख्येने परतला. सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देतं, त्यामुळे महामंडळाच्या उत्पन्नालाही आधार मिळाला.

पण सवलत वापरायला आधी गाडी यावी लागते. यवतमाळ-नागपूर मार्गावरच्या महिलेला अर्ध्या तिकिटाचा लाभ रोज मिळू शकतो. ज्या गावात गाडीच येत नाही, तिथली महिला काळी-पिवळीचं पूर्ण भाडं देते. मुलींच्या मोफत पासचंही तसंच. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी खास निळ्या बस दिल्या आहेत. ती गाडी शाळेच्या वेळेत आली तरच पासला अर्थ राहतो. संध्याकाळची फेरी बंद झाली की घरात पहिला प्रश्न येतो तो मुलीला पाठवायचं की नाही हा. मुलगा कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून येतो, मुलीचं कॉलेज सुटतं.

गाड्या आहेत तरी किती?

महामारीआधी राज्यात एसटीकडे १८ हजारांच्या आसपास बस होत्या. त्यानंतर हजारो गाड्या आयुष्य संपल्याने मोडीत निघाल्या, पण त्या प्रमाणात नव्या आल्या नाहीत. २०२३ मध्ये ५,१५० इलेक्ट्रिक बस भाड्याने घेण्याचा करार झाला. त्यांचा पुरवठा ठरल्या वेळेपेक्षा बराच मागे पडला. दरम्यान महामंडळाने स्वतःच्या मालकीच्या नव्या डिझेल बसही मागवल्या आणि त्या टप्प्याटप्प्याने आगारांत येत आहेत.

नवी गाडी आली की ती सहसा लांब पल्ल्याला लागते. तिथली जुनी गाडी खेड्याच्या मार्गावर येते. खेड्यातल्या रस्त्यांना खड्डे जास्त, त्यामुळे जुनी गाडी तिथेच जास्त बंद पडते. वाटेत ब्रेकडाऊन झालेल्या गाडीच्या बदल्यात दुसरी नसेल तर त्या दिवशीची परतीची फेरीही रद्द.

काय करता येईल?

१) प्रत्येक गावाला किमान फेऱ्यांची हमी. उत्पन्न कितीही असो, शाळा-कॉलेजच्या वेळेला जाणारी एक, संध्याकाळी परतणारी एक आणि आठवडी बाजाराच्या दिवशी एक जादा. या फेऱ्या भारमानाच्या हिशेबातून वेगळ्या काढाव्यात आणि त्यांचा तोटा सरकारने किलोमीटरमागे ठरलेल्या दराने द्यावा. आज सरकार सवलतीच्या तिकिटाचे पैसे देतं. म्हणजे जिथे प्रवासी जास्त तिथे पैसा जास्त जातो. किलोमीटरमागे पैसे दिले तर आडगावची फेरी आगाराला ओझं वाटणार नाही.

२) मुक्कामी गाड्या पुन्हा सुरू करणं. रात्री गावात थांबून पहाटे निघणारी गाडी विद्यार्थी, रुग्ण आणि भाजी विकणारे अशा तिघांच्याही सोयीची असते. तिच्यामुळे सकाळी आगारातून रिकामी गाडी पाठवण्याचं डिझेलही वाचतं. अट एकच, चालक-वाहकाला झोपायला नीट जागा, पाणी आणि शौचालय मिळालं पाहिजे. ग्रामपंचायत हे देऊ शकते.

३) लहान गाड्या. अरुंद रस्त्यावर १५-२० प्रवाशांसाठी ४४ आसनांची बस नेणं महाग पडतं. एसटीकडे पूर्वी ‘यशवंती’ नावाच्या मिडी बस होत्या. तोच विचार आता इलेक्ट्रिक मिडी बसमधून करता येईल. रोजचं अंतर ठरलेलं आणि रात्री गाडी आगारात, त्यामुळे चार्जिंगही सोपं.

४) वेळा एकमेकांना जोडणं. प्रत्येक गावातून यवतमाळला थेट गाडी शक्य नाही. पण आर्णीच्या खेड्यातली गाडी आर्णीला पोहोचल्यावर पंधरा-वीस मिनिटांत यवतमाळची गाडी मिळाली, तरी काम भागतं. आज अनेकदा खेड्यातली गाडी यायच्या पाच मिनिटं आधी पुढची गाडी सुटलेली असते.

५) गाडी येणार की नाही, ते आधी कळणं. रद्द झालेल्या फेरीची माहिती सकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली तरी थांब्यावर दोन तास ताटकळणं वाचेल. बसमध्ये जीपीएस यंत्रणा बसवली जात आहे. तिचा उपयोग खेड्यातल्या प्रवाशाला आधी झाला पाहिजे.

इतर राज्यांनी काय केलं?

केरळने २०२२ मध्ये ‘ग्रामवंडी’ योजना सुरू केली. गाडी आणि कर्मचारी राज्याच्या परिवहन महामंडळाचे, डिझेलचा खर्च ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांचा. बदल्यात मार्ग आणि वेळ ठरवण्यात पंचायतीचा शब्द चालतो. यवतमाळमधल्या ग्रामपंचायतींची ऐपत केरळइतकी नाही हे खरं. पण वणी परिसरातल्या कोळसा खाणींमुळे जिल्ह्याला खनिज प्रतिष्ठानचा निधी मिळतो. जिल्हा परिषद आणि आदिवासी विकासाचे निधीही आहेत. त्यातला काही भाग फेऱ्यांसाठी वापरता येईल का, हा विचार करण्यासारखा आहे.

पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाने डिसेंबर २०२३ पासून महिलांना साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये मोफत प्रवास दिला. गर्दी इतकी वाढली की गाड्या कमी पडल्याच्या तक्रारी आल्या. सवलत आणि गाड्यांची संख्या सोबत वाढवावी लागते, हा त्यातला धडा.

उद्या पुन्हा साथ आली तर?

मागच्या वेळी सगळ्या गाड्या एकाच आदेशाने थांबल्या. पण डायलिसिसचे रुग्ण, गरोदर महिला, खेड्यातून ये-जा करणाऱ्या नर्स आणि सफाई कर्मचारी यांची गरज थांबली नव्हती. म्हणून प्रत्येक आगाराकडे रुग्णालयाला जोडणाऱ्या मार्गांची यादी आधीच तयार हवी. बाकी सगळं बंद झालं तरी त्या मार्गांवर दिवसातून दोनदा गाडी धावेल, हे ठरलेलं हवं.

श्वासातून पसरणाऱ्या आजारात हवा खेळती असणं सर्वात महत्त्वाचं असतं. त्या बाबतीत आपली साधी लालपरी एसी गाडीपेक्षा बरी, कारण तिच्या खिडक्या उघडतात. मास्क, उघड्या खिडक्या आणि मर्यादित प्रवासी एवढ्यावर ती चालवता येते. चालक-वाहकांचं लसीकरण आणि विमा मात्र पहिल्या दिवसापासून हवा. निम्म्या क्षमतेने गाडी चालवायला सांगितलं तर उरलेल्या निम्म्या आसनांचे पैसे कोण देणार, हेही आदेशातच लिहिलेलं असावं. २०२० मध्ये तसं झालं नाही आणि तो तोटा शेवटी कर्मचाऱ्यांच्या पगारावर आणि खेड्याच्या फेरीवर निघाला.

तुमच्या गावची फेरी बंद असेल तर?

नुसतं ‘गाडी सुरू करा’ असं निवेदन बहुतेकदा फाइलमध्ये राहतं. त्यासोबत आकडे द्या. गावातून रोज किती विद्यार्थी कोणत्या शाळा-कॉलेजात जातात, त्यांच्या वेळा काय, किती जणांकडे पास आहे, वाटेत किती गावं लागतात, रस्त्याची स्थिती कशी आहे. ग्रामसभेचा ठराव आणि मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांचं पत्र जोडा. अर्ज आगार व्यवस्थापकांना द्या, प्रत यवतमाळच्या विभाग नियंत्रकांना द्या आणि पोच घ्या.

उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी विचारता येतात: ती फेरी कोणत्या तारखेपासून बंद आहे, बंद करण्याचं लेखी कारण काय आणि बंद होण्याआधीच्या वर्षात तिचं भारमान किती होतं. शेजारची तीन-चार गावं एकाच मार्गावर असतील तर सगळ्यांनी मिळून मागणी करा. चार गावांचे प्रवासी एकत्र दाखवले की आगाराच्या हिशेबातही ती फेरी बसण्याची शक्यता वाढते.

आणि फेरी सुरू झाली तर पहिले दोन-तीन महिने तिच्यातूनच प्रवास करा. पुढच्या आढावा बैठकीत आगार व्यवस्थापकासमोर त्या गाडीच्या तिकीट विक्रीचेच आकडे असतील.